मणिपूर : मैदानाने किती भार पेलायचा?

इम्फाळच्या खुमन लंपाक क्रीडासंकुलात २२ मार्च २०२३ रोजी भारत आणि म्यानमार यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. भारतीय पुरुष संघ मणिपूरच्या भूमीवर आंतरराष्ट्रीय सामना खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. स्टेडियम खच्चून भरले होते. देशाला गेली कित्येक वर्षे फुटबॉलपटू पुरवणाऱ्या या छोट्या राज्याने पहिल्यांदाच राष्ट्रीय संघाला आपल्या अंगणात खेळताना पाहिले. भारताने तो सामना १-० असा जिंकला. २८ मार्चला किर्गिझस्तानला २-० असे नमवून भारताने तिरंगी स्पर्धेचा चषकही पटकावला.

या दोन सामन्यांच्या मधोमध, २७ मार्च रोजी, मणिपूर उच्च न्यायालयाने एक आदेश दिला. मैतेई समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा देण्याबाबत राज्य सरकारने केंद्राकडे शिफारस करण्याचा विचार करावा, असा त्याचा आशय होता. फुटबॉलच्या जल्लोषात या आदेशाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मात्र या मागणीविरोधात ३ मे रोजी डोंगराळ जिल्ह्यांत निघालेल्या आदिवासी विद्यार्थी संघटनांच्या मोर्चानंतर मैतेई आणि कुकी-झो समाजांत जो हिंसाचार उसळला, त्यात २५० हून अधिक लोकांचा बळी गेला आणि सुमारे ६० हजार लोक बेघर झाले. ज्या संकुलात मार्चमध्ये विजयाच्या आरोळ्या घुमल्या, त्याच परिसरात पुढे विस्थापितांना आसरा द्यावा लागला.

जल्लोष आणि जाळपोळ यांच्यातील हे पाच आठवड्यांचे अंतर मणिपूरविषयी बरेच काही सांगून जाते. या राज्यात खेळ हा केवळ विरंगुळा कधीच नव्हता. राजसत्ता, ब्रिटिश अंमल, भारत सरकार आणि स्थानिक अस्मिता या सर्वांनी खेळाच्या मैदानावर आपापला हक्क सांगितला. म्हणूनच राजकारणाने सोडवायचे प्रश्न खेळाडूंच्या खांद्यावर टाकले की काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर मणिपूरसारखे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही.

घोडा, काठी आणि राज्य

मणिपूरचे क्षेत्रफळ २२,३२७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २८ लाख ५६ हजार, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या पाव टक्क्याहूनही कमी. मध्यभागी इम्फाळचे सपाट खोरे आणि भोवती डोंगरांचे कडे, अशी या राज्याची रचना आहे. खोरे एकूण क्षेत्रफळाच्या जेमतेम दहा टक्के आहे; पण निम्म्याहून अधिक लोक तेथे राहतात आणि त्यांत बहुसंख्य मैतेई आहेत. डोंगरांत नागा आणि कुकी-झो गटांतील अनेक जमातींची वस्ती आहे. राज्यातील जवळपास प्रत्येक वादाच्या मुळाशी ही खोरे आणि डोंगर यांची विभागणी असते.

खोऱ्यातील मैतेई राज्याची स्वतःची क्रीडापरंपरा होती. ‘सागोल कांगजेई’ हा तिचा मानबिंदू. सागोल म्हणजे घोडा आणि कांगजेई म्हणजे काठीचा खेळ. दोन्ही बाजूंना सात-सात घोडेस्वार असत आणि गोलाचे खांब नसत. चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे नेला की गोल. राजवाडा असलेल्या कांगला किल्ल्यात राजघराण्याचे आतले मैदान होते, तर बाहेर सर्वांसाठी ‘मापाल कांगजेइबुंग’ हे मैदान होते. याखेरीज कुस्तीशी साम्य असलेला ‘मुकना’, तेल लावलेल्या नारळाने खेळला जाणारा ‘युबी लाकपी’, तलवार-भाल्याची युद्धकला ‘थांग-ता’ हे खेळही राज्याच्या आश्रयाने वाढले. खेळात निपुण असलेला माणूस लढाईतही उपयोगी पडे, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

आज जगभर खेळल्या जाणाऱ्या आधुनिक पोलोचे मूळ याच सागोल कांगजेईत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशाच्या फौजांनी मणिपूर उद्ध्वस्त केले, तेव्हा अनेक मणिपुरी शेजारच्या काछार भागात जाऊन राहिले. तेथे त्यांचा खेळ पाहून ब्रिटिश अधिकारी आणि चहामळेवाले भारावून गेले. १८५९ मध्ये सिल्चर येथे पोलो क्लब निघाला, १८६२ मध्ये कलकत्ता पोलो क्लब स्थापन झाला आणि १८६९ च्या सुमारास हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला. मणिपूरचा खेळ साहेबांनी जगभर नेला. पण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे स्वातंत्र्य मात्र संपले. या युद्धाचे सेनापती टिकेंद्रजित स्वतः नावाजलेले पोलोपटू होते. त्यांना ब्रिटिशांनी इम्फाळमध्ये जाहीरपणे फाशी दिले. कांगला किल्ला लष्कराच्या ताब्यात गेला, थांग-तासारख्या शस्त्रविद्येवर बंधने आली.

येथपासून मणिपुरी मनात खेळ आणि हरवलेले राज्य यांची सांगड बसली ती कायमची. २०२३ च्या जानेवारीत इम्फाळजवळ हेइंगांग येथे पोलोपटूचा सुमारे १२० फूट उंचीचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्या अनावरणास केंद्रीय गृहमंत्री आले होते. गंमत अशी की, ज्या मणिपुरी तट्टावर हा पोलोपटू बसला आहे, त्या तट्टांची संख्या पशुगणनेनुसार २००३ मध्ये सुमारे १९०० होती, ती २०१२ मध्ये सुमारे ११०० वर आली. चरण्याची कुरणे आणि पाणथळ जमिनी कमी होत गेल्या, तसा घोडाही घटला. स्मारक उभारणे जितके सोपे, तितके परंपरा जगवणे सोपे नाही.

विलीनीकरणाची सल

स्वातंत्र्यानंतर मणिपूरच्या महाराजांनी २१ सप्टेंबर १९४९ रोजी शिलाँग येथे विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि १५ ऑक्टोबरपासून हे संस्थान भारतात विलीन झाले. त्यापूर्वीच मणिपूरमध्ये निवडणुका होऊन विधानसभा अस्तित्वात आली होती. तिला विश्वासात न घेता आणि महाराजांवर दबाव आणून हा करार झाला, अशी तक्रार तेव्हापासून कायम आहे. पूर्ण राज्याचा दर्जा मिळायला २१ जानेवारी १९७२ उजाडले. तोवर १९६४ मध्ये ‘युनायटेड नॅशनल लिबरेशन फ्रंट’ या संघटनेच्या रूपाने सशस्त्र फुटीरतावादाने मूळ धरले होते. १९८० मध्ये संपूर्ण राज्य ‘अशांत क्षेत्र’ घोषित झाले आणि सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा १९५८ चा कायदा सर्वत्र लागू झाला.

या कायद्याखालच्या मणिपूरची ओळख उर्वरित देशाला दोन घटनांनी झाली. २ नोव्हेंबर २००० रोजी मालोम येथे आसाम रायफल्सच्या गोळीबारात दहा नागरिक मृत्युमुखी पडले आणि इरोम शर्मिला यांनी सुरू केलेले उपोषण तब्बल सोळा वर्षे चालले. जुलै २००४ मध्ये थांगजम मनोरमा या तरुणीच्या हत्येनंतर मणिपुरी महिलांनी कांगला किल्ल्याच्या दारात विवस्त्र होऊन निदर्शने केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सने किल्ला सोडला. राजघराण्याचे जुने पोलो मैदान ज्या किल्ल्यात आहे, तो ११३ वर्षांनी मणिपुरी जनतेच्या हाती आला.

एकीकडे हे घडत असताना, दुसरीकडे याच तीन दशकांत मणिपूरचे खेळाडू तिरंग्याखाली पदकांमागून पदके जिंकत होते. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन गोष्टी प्रत्यक्षात एकाच परिस्थितीतून आल्या.

गणवेशाची वाट

मणिपूरमध्ये मोठे उद्योग नाहीत. शेती खोऱ्यापुरती, रेल्वे अनेक वर्षे राज्याच्या सीमेवरच थबकलेली आणि दोन राष्ट्रीय महामार्गांवर सारा पुरवठा अवलंबून. कोणत्याही संघटनेने ‘रास्ता रोको’ पुकारला की गॅस सिलिंडर आणि पेट्रोल दुर्मीळ होते. अशा राज्यात स्थिर उत्पन्नाचा अर्थ प्रामुख्याने सरकारी नोकरी, आणि ती मिळवण्याचा लाच-वशिल्याविना असलेला एक मार्ग म्हणजे क्रीडाकोटा. लष्कर, नौदल, निमलष्करी दले, रेल्वे आणि राज्य पोलीस यांच्या संघांत मणिपुरी खेळाडू मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे कारण हेच.

कुंजराणी देवी हे त्याचे ठळक उदाहरण. १९८९ मध्ये मँचेस्टर येथील जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत रौप्यपदके मिळवून त्यांनी भारतीय महिलांसाठी या खेळाचे दार उघडले. १९९६-९७ साठीचा खेलरत्न पुरस्कार लिअँडर पेस यांच्यासह त्यांना मिळाला. त्यांची नोकरी होती केंद्रीय राखीव पोलीस दलात, म्हणजे मणिपूरमध्ये बंदोबस्तासाठी तैनात असणाऱ्या दलांपैकीच एकात. अनाथालयात वाढलेले डिंको सिंग भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या योजनेतून पुढे आले आणि नौदलात भरती झाले. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांनी मुष्टियुद्धात सुवर्णपदक जिंकले. त्या एका पदकाने मणिपूरच्या गावागावांत हातमोजे पोहोचले. मेरी कोम यांनीही मुष्टियुद्धाकडे वळण्यामागची प्रेरणा म्हणून डिंको यांचेच नाव वारंवार घेतले आहे. १० जून २०२१ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी, कर्करोगाने डिंको यांचे निधन झाले.

सरकारी दले आणि योजना ही या यशाची एक बाजू. दुसरी बाजू वस्त्यांमध्ये आहे. खोऱ्यातील जवळजवळ प्रत्येक ‘लेइकाई’त, म्हणजे वस्तीत, क्लब असतो. तो वर्गणीवर चालतो, सणासुदीला सामने भरवतो, रात्री गस्तही घालतो आणि भांडणे मिटवतो. फुटबॉलमधील नेरोका आणि ट्राऊ हे दोन्ही संघ अशाच स्थानिक संस्थांतून वाढले. १९६५ मध्ये स्थापन झालेला नेरोका तर २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. महिला फुटबॉलमध्ये मणिपूरने राष्ट्रीय विजेतेपद वीसहून अधिक वेळा मिळवले आहे.

मीराबाई चानू यांच्या प्रवासात या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. नोंगपोक काकचिंग या गावातून इम्फाळचे प्रशिक्षण केंद्र वीस किलोमीटरहून अधिक दूर. रोजचे भाडे परवडत नसे. नदीची वाळू शहरात नेणारे ट्रकचालक या मुलीला फुकट सोडत. २४ जुलै २०२१ रोजी टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो वजन उचलून मीराबाईंनी रौप्यपदक मिळवले, तेव्हा राज्य सरकारने त्यांना रोख एक कोटी रुपये आणि पोलीस दलात वरिष्ठ पद जाहीर केले. मीराबाईंनी मात्र गावी परतल्यावर सुमारे दीडशे ट्रकचालक व त्यांच्या साथीदारांना घरी बोलावून जेवू घातले आणि भेटवस्तू दिल्या. सरकार खेळाडूला विजयानंतर भेटते आणि समाज विजयाआधी, हा फरक त्या पंगतीत स्पष्ट झाला.

बालेवाडीनंतर इम्फाळ

मणिपूरने देशाकडे स्वतःविषयी आत्मविश्वासाने बोलण्याचा सर्वांत मोठा प्रसंग आला तो फेब्रुवारी १९९९ मध्ये. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा महाराष्ट्रात झाल्या होत्या आणि त्यासाठी पुण्याजवळ बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. १९९७ च्या स्पर्धा कर्नाटकात झाल्या आणि त्यानंतरच्या स्पर्धांचे यजमानपद मणिपूरला मिळाले. बंडखोरीने पोखरलेल्या, दळणवळणाची साधने तुटपुंजी असलेल्या राज्यात देशभरातले हजारो खेळाडू कसे येणार, याबद्दल शंका घेतल्या जात होत्या. खुमन लंपाक संकुल याच स्पर्धांसाठी बांधले गेले. स्पर्धा पार पडल्या आणि पदकतक्त्यात यजमान मणिपूर पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढे २००२-०३ मध्ये इम्फाळमध्येच अंतिम सामन्यात केरळला हरवून मणिपूरने फुटबॉलची संतोष ट्रॉफीही जिंकली.

या यशातून केंद्र सरकारच्या धोरणाला एक दिशा मिळाली. ईशान्येतील तरुणांना मुख्य प्रवाहात आणायचे तर खेळ हे उत्तम साधन, अशी भूमिका पक्ष कोणताही सत्तेवर असला तरी कायम राहिली. २०१८ मध्ये संसदेने कायदा करून देशातील पहिले राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ मणिपूरला दिले. मणिपूरचे थांग-ता आणि महाराष्ट्राचा मल्लखांब हे दोन्ही देशी क्रीडाप्रकार हरियाणात २०२२ मध्ये भरलेल्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत एकाच वेळी समाविष्ट झाले. ब्रिटिशांनी ज्या विद्येवर बंधने घातली, तिला केंद्राच्या स्पर्धेत मान मिळाला, ही मोठीच गोष्ट.

परंतु या धोरणात एक गृहीतक दडलेले होते. विशेषाधिकार कायदा, जमिनीचे हक्क, डोंगराळ भागातील स्वायत्त परिषदांचे अधिकार, बेरोजगारी हे प्रश्न अवघड. त्यांच्या तुलनेत स्टेडियम बांधणे सोपे. त्यामुळे स्टेडियम उभे राहिले आणि प्रश्न तसेच राहिले.

पदकापुरते भारतीय?

मणिपुरी खेळाडूंना राज्याबाहेर जो अनुभव येतो, तो या गृहीतकाला आणखी छेद देतो. दिल्ली, बंगळूर, पुणे यांसारख्या शहरांत शिक्षण-नोकरीसाठी जाणाऱ्या ईशान्येच्या तरुणांना चेहऱ्यावरून हिणवले जाते, ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ असे विचारले जाते, ही तक्रार जुनी आहे. मीराबाईंच्या पदकानंतर देशभर अभिनंदनाचा वर्षाव सुरू असताना मूळच्या आसामच्या मॉडेल व धावपटू अंकिता कोंवर यांनी समाजमाध्यमावर नेमके याकडे बोट दाखवले. ईशान्येच्या माणसाला भारतीय म्हणवून घेण्यासाठी देशासाठी पदक जिंकावे लागते, एरवी त्याच्या वाट्याला टोपणनावेच येतात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

मेरी कोम यांच्या बाबतीत हा विरोधाभास निराळ्या प्रकारे दिसला. सहा वेळा विश्वविजेत्या, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधील कांस्यपदक विजेत्या, २०१६ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या या खेळाडूवर २०१४ मध्ये हिंदी चित्रपट निघाला. त्यातील प्रमुख भूमिका मणिपुरी अभिनेत्रीकडे गेली नाही, ती प्रियांका चोप्रा यांनी केली. देशभर गाजलेला हा चित्रपट मणिपूरच्या चित्रपटगृहांत मात्र लागू शकला नाही. कारण ‘रिव्होल्युशनरी पीपल्स फ्रंट’ या बंडखोर संघटनेने २००० पासून राज्यात हिंदी चित्रपटांवर बंदी घातली होती. मणिपूरच्या मुलीची कहाणी उरलेल्या देशाने पाहिली आणि मणिपूरला ती पडद्यावर पाहता आली नाही. एका बाजूला तिचा चेहरा बदलणारे चित्रपटसृष्टीचे गणित आणि दुसऱ्या बाजूला बंदुकीच्या धाकावर संस्कृती राखणारी संघटना, या दोहोंच्या मध्ये सामान्य मणिपुरी प्रेक्षक अडकला.

घर जळताना

मे २०२३ मध्ये या सगळ्याची कसोटी लागली. हिंसाचार सुरू झाला त्या रात्रीच मेरी कोम यांनी पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांना उद्देशून, आपले राज्य जळत आहे, मदत करा, अशी समाजमाध्यमावरून विनवणी केली. त्याच दिवशी फुटबॉलपटू चिंगलेनसाना सिंग हैदराबाद संघाकडून कोझिकोड येथे सामना खेळत होते. सामना संपल्यावर त्यांना कळले, की चुराचांदपूर येथील त्यांचे घर जाळण्यात आले आहे. गावातील मुलांसाठी ते तयार करत असलेले मैदानही त्या आगीतून वाचले नाही. कुकी-झो बहुल चुराचांदपूरमधील मैतेई कुटुंबांना जशी घरे सोडावी लागली, तशीच इम्फाळमधील कुकी-झो कुटुंबांनाही सोडावी लागली. दोन्हीकडच्या खेळाडूंची घरे, शाळा आणि सरावाची मैदाने त्यात गेली.

मे महिन्याच्या अखेरीस मीराबाई चानू, कुंजराणी देवी, मुष्टियोद्धा सरिता देवी, फुटबॉलपटू बेमबेम देवी यांच्यासह अकरा क्रीडापटूंनी केंद्रीय गृहमंत्र्यांना निवेदन दिले. महामार्ग खुले करावेत, मणिपूरची भौगोलिक एकात्मता अबाधित ठेवावी, अन्यथा आम्ही पुरस्कार परत करू, असा इशारा त्यात होता. पदकांना राजकीय वजन असते, हे सरकारने अनेक वर्षे शिकवले होते. आता खेळाडूंनी तेच वजन तराजूत टाकले. मात्र येथे एक पेच होता. ‘भौगोलिक एकात्मता’ ही मागणी खोऱ्यातील जनतेच्या मनातली होती. डोंगरांतील कुकी-झो संघटना तेव्हा स्वतंत्र प्रशासनाची मागणी करत होत्या. साऱ्या मणिपूरचे म्हणून गौरवले गेलेले खेळाडू आता एका बाजूचे ठरू लागले.

मेरी कोम यांची अडचण याहून वेगळी होती. त्या ज्या कोम जमातीच्या आहेत, ती संख्येने अगदी लहान. मैतेई आणि कुकी या दोन्ही बाजूंकडून आपल्या लोकांकडे संशयाने पाहिले जाते, त्यांच्या गावांना संरक्षण मिळावे, असे पत्र त्यांनी ऑगस्टच्या अखेरीस गृहमंत्र्यांना लिहिले. संपूर्ण राज्याची मुलगी म्हणून मिरवली गेलेली ही विश्वविजेती त्या क्षणी आपल्या जमातीच्या मोजक्या गावांसाठी अभय मागत होती.

सात रंगांचा ध्वज

४ जुलै २०२३ रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर भारताने कुवेतला हरवून सॅफ चषक जिंकला. पदक स्वीकारताना मध्यरक्षक जीक्सन सिंग यांच्या खांद्यावर सात रंगांचा ध्वज होता. हेच ते जीक्सन, ज्यांनी ९ ऑक्टोबर २०१७ रोजी १७ वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध भारताचा फिफा विश्वचषकातला पहिला गोल केला होता. त्या २१ जणांच्या संघात आठ खेळाडू मणिपूरचे होते.

जीक्सन यांच्या खांद्यावरील ध्वज मैतेईंच्या सात कुळांचे प्रतीक मानला जातो. त्यावरून वादंग उठले. राष्ट्रीय संघाच्या व्यासपीठावर दुसरा ध्वज कशासाठी, असे काहींनी विचारले, तर कुकी-झो समाजातील अनेकांना तो एकाच समाजाचा ध्वज वाटला. कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नव्हता, मणिपूरमधील परिस्थितीकडे लक्ष वेधायचे होते, असे स्पष्टीकरण जीक्सन यांनी दिले. दोन महिने देशातील बहुतांश लोक मणिपूरच्या बातम्यांकडे पाठ फिरवून होते. एका बावीस वर्षांच्या खेळाडूला आपले राज्य आठवून द्यायला विजयाचा क्षण वापरावा लागला, ही बाब त्या वादात मागे पडली.

राज्य सरकारची स्थितीही विलक्षण होती. तत्कालीन मुख्यमंत्री एन. बिरेन सिंग हे स्वतः सीमा सुरक्षा दलाच्या संघातून खेळलेले फुटबॉलपटू. २०१७ पासून सत्तेवर असलेल्या बिरेन सिंग यांनी क्रीडासुविधांवर विशेष भर दिला होता. हिंसाचारात मात्र त्यांच्यावर कुकी-झो संघटनांनी पक्षपाताचा आरोप केला. तो त्यांनी फेटाळला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि १३ फेब्रुवारीला राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली.

एक संघ, दोन वाटा

मैदानाची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही एकाच वेळी दाखवणारा प्रसंग सप्टेंबर २०२३ मधला आहे. भूतानमधील थिम्फू येथे १६ वर्षांखालील मुलांची सॅफ स्पर्धा भरली होती. भारताच्या २३ जणांच्या चमूत तब्बल १६ मुले मणिपूरची होती. त्यांत मैतेई होते, कुकी होते आणि मणिपुरी मुस्लिमही होते. संघाचा कर्णधार कुकी होता. गावाकडे एकमेकांच्या वस्त्यांसमोर बंकर उभे राहिले असताना ही मुले एकाच शिबिरात राहत, जेवत आणि खेळत होती. १० सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला २-० असे हरवले. पहिला गोल मैतेई मुलाने केला, दुसरा कुकी मुलाने.

ही कथा देशभर प्रेमाने सांगितली गेली. मात्र चषक जिंकल्यानंतर त्या मुलांपुढे उभ्या असलेल्या प्रश्नाची चर्चा तितकी झाली नाही. त्या काळात कुकी-झो समाजातील कोणालाही इम्फाळचा विमानतळ गाठणे शक्य नव्हते. चुराचांदपूरहून इम्फाळ अवघ्या साठ किलोमीटरवर. पण तेथील लोकांना देशात कोठेही जायचे तर मिझोरामची राजधानी ऐझॉलपर्यंत कित्येक तासांचा रस्ता तुडवावा लागत होता. नव्वद मिनिटे एकत्र धावणाऱ्या मुलांना एकत्र घरी जाता येईल असा एकही रस्ता राज्यात उरला नव्हता. संघ बांधणे प्रशिक्षकाच्या हाती असते, रस्ता सुरक्षित ठेवणे सरकारच्या.

क्लबांचीही हीच गत झाली. २०२३-२४ च्या आय-लीगमध्ये नेरोका आणि ट्राऊ यांना आपले ‘घरचे’ सामने पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे खेळावे लागले. घरचे प्रेक्षक नाहीत, उत्पन्न नाही. हंगामाअखेर दोन्ही संघ खालच्या श्रेणीत ढकलले गेले. राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाच्या कायमस्वरूपी संकुलासाठी निवडलेली जागा कौत्रुक येथे आहे. खोरे आणि डोंगर यांच्या सीमेवरील हे गाव २०२३ पासून वारंवार गोळीबाराच्या बातम्यांत राहिले.

जुलै २०२५ च्या अखेरीस ड्युरँड चषकाचे सामने पुन्हा इम्फाळमध्ये भरले. लष्कराच्या पुढाकाराने होणाऱ्या या जुन्या स्पर्धेत नेरोका आणि ट्राऊ हे संघ खुमन लंपाकवर समोरासमोर आले, तेव्हा खोऱ्यातील फुटबॉलप्रेमींना आपले काही तरी परत मिळाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. सामने सुरक्षित पार पडणे हे प्रशासनाचे यशच म्हटले पाहिजे. तरीही मार्च २०२३ च्या त्या गर्दीशी या गर्दीची तुलना करताना एक फरक नजरेआड करता येत नाही. तेव्हा डोंगरांतला प्रेक्षक सकाळी निघून संध्याकाळी सामना पाहून घरी परतू शकत होता.

मणिपूरने पोलो जगाला दिला, पदके देशाला दिली. त्याच्या बदल्यात पुतळे, स्टेडियम आणि विद्यापीठ मिळाले. त्यांचे मोल कोणी नाकारणार नाही. पण मैदानावर दोन समाजांची मुले एकत्र येऊ शकतात हे थिम्फूत सिद्ध होऊन गेले आहे. सिद्ध व्हायचे उरले आहे ते मैदानाबाहेरचे. खेळाडूंनी आपले काम चोख केले. चुराचांदपूर ते इम्फाळ हे साठ किलोमीटर एखादा मुलगा बूट पाठीला लावून, कोणाची परवानगी न घेता, एकटा पार करू शकेल, त्या दिवशी सरकारचेही काम झाले असे म्हणता येईल.